आधी खूण की आधी अक्षर?

ग्रीक लिपीत ईटा नावाचं एक अक्षर आहे. लहान रूपात ते रोमन 'एन'सारखं दिसतं, फक्त उजवा पाय ओळीखाली लोंबतो. प्राचीन ग्रीकमध्ये हे एकटं अक्षर निदान सहा वेगवेगळे शब्द होऊ शकतं. डोक्यावर एका प्रकारची खूण असेल तर ते स्त्रीलिंगी उपपद. तीच खूण आणि शेजारी एक तिरकी रेघ आली की 'जी'. खूण उलट्या बाजूला वळली आणि रेघ तशीच राहिली तर 'किंवा'. रेघेच्या जागी वेलांटीसारखा बाक आला तर 'होतो' किंवा 'खरंच'. त्याच बाकाबरोबर अक्षराच्या पायाशी एक इवलीशी उभी रेघ आली तर 'तो असो'. आणि पहिल्या प्रकारची खूण, बाक आणि पायाशी रेघ असं सगळं एकत्र आलं की 'जिला'. इतकं सगळं मिलिमीटरभर जागेत मावतं. खूण चुकली तर ती नुसती शुद्धलेखनाची चूक राहत नाही, वाक्याचा अर्थ बदलतो.

अशी भाषा संगणकावर कशी टाइप करायची, हा प्रश्न मूठभरांचाच वाटेल, पण ते मूठभर लोक जगभर पसरलेले आहेत. होमर आणि प्लेटो शिकणारे विद्यार्थी, ग्रीक शिलालेख वाचणारे, वैद्यकीय किंवा वनस्पतिशास्त्रीय संज्ञांची मुळं शोधणारे कोशकार, नव्या कराराची मूळ संहिता अभ्यासणारे ख्रिस्ती धर्मशास्त्राचे विद्यार्थी. त्यातले काही आपल्या पुण्यातही आहेत. या सगळ्यांची कधी ना कधी एकाच अडचणीशी गाठ पडते. कळफलकावर अक्षरं छापणाऱ्या कळा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, आणि एकट्या अल्फाची रूपं चोवीस.

हा चोवीसचा हिशेब सोपा आहे. आघाताच्या खुणा तीन: चढता सूर दाखवणारी ऑक्सिया, खालचा सूर दाखवणारी वारिया आणि त्याच स्वरावर सूर चढून उतरतो असं सांगणारी पेरिस्पोमेनी. आघात नसण्याचीही शक्यता धरली की चार पर्याय झाले. श्वासचिन्हं दोन: शब्दाच्या सुरुवातीला 'ह' आहे असं सांगणारं दासिया, आणि 'ह' नाही असं सांगणारं प्सिली. जे नाही त्याचीही खूण करायची, हा खास ग्रीक काटेकोरपणा! श्वासचिन्ह नसणं धरून तीन पर्याय. पायाशी लहान आयोटा असणं-नसणं हे दोन. चार गुणिले तीन गुणिले दोन, चोवीस. ईटा आणि ओमेगा यांचंही तसंच. एप्सिलॉन आणि ओमिक्रॉन हे मुळातच ऱ्हस्व स्वर, त्यांच्यावर पेरिस्पोमेनी येत नाही आणि त्यांच्या पायाशी आयोटाही बसत नाही, म्हणून ते नऊ-नऊ रूपांवर थांबतात. शिवाय आयोटा आणि इप्सिलॉनवर येणारे, दोन स्वर वेगळे उच्चारा असं सांगणारे दोन ठिपके आहेतच. आणि ही झाली फक्त लहान अक्षरं.

एवढा पसारा मुळात आला कुठून? पेरिक्लीसच्या काळातल्या अथेन्समध्ये यातलं काहीही नव्हतं. तेव्हाचे ग्रीक लोक सरसकट मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहीत. आघात कुठे आहे हे त्यांना लिहून ठेवायची गरज नव्हती, ते बोलण्यात येतच होतं. खुणा आल्या इ.स.पू. २०० च्या सुमारास, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात. त्यांचं श्रेय तिथल्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख, बायझँटियमचा अ‍ॅरिस्टोफेनीस याला दिलं जातं. (नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीस वेगळा, तो दोनशे वर्षं आधीचा.) अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर ग्रीक ही भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या सगळ्या मुलखाची व्यवहारभाषा झाली होती. ती जन्मापासून कानावर न पडलेले लोक आता होमर वाचू लागले होते. त्यांच्यासाठी विद्वानांनी जुन्या संहितेवर बाहेरून टिपणं चढवावीत तशा या खुणा चढवल्या. म्हणजे खूण हा अक्षराचा अवयव नव्हता, ती अक्षरावर येऊन बसलेली वेगळी गोष्ट होती. पण पुढे शेकडो वर्षं लेखनिकांनी ती इतक्या सवयीनं लिहिली की अक्षर आणि खूण मिळून एकच आकृती दिसू लागली. संगणकावरची बहुतेक सगळी भानगड या दुहेरी स्वभावातून येते.

हे आघात जोराचे नव्हते, सुराचे होते. इ.स.पू. पहिल्या शतकात रोममध्ये राहणाऱ्या हॅलिकार्नाससच्या डायोनिसियसनं लिहून ठेवलंय की ग्रीक बोलताना आवाज साधारण एका पंचमाइतका वर जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्जापासून पंचमापर्यंत. तुर्कस्तानात ट्रालीसजवळ सापडलेला आणि आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेला सेइकिलोसचा स्मृतिशिलालेख गाण्याच्या स्वरलिपीसकट कोरलेला आहे, आणि त्यातली चाल बऱ्याच अंशी शब्दांच्या आघातांच्या मागे चालते.

सूर चुकला तर काय होतं याचा सगळ्यात गाजलेला किस्सा इ.स.पू. ४०८ मधला. युरिपिडीसच्या 'ओरेस्टीस' नाटकात हेगेलोकस नावाचा नट ऐन वेडाच्या झटक्यातून बाहेर येतो. वादळानंतर आपल्याला पुन्हा शांत पाणी दिसत आहे, असं त्यानं म्हणायचं होतं. 'शांत पाणी' या शब्दाचा शेवटचा स्वर पुढच्या शब्दामुळे गळतो, आणि मग तो शब्द 'वीझल' (मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी) अशा अर्थाच्या दुसऱ्या शब्दापासून केवळ सुरानं वेगळा राहतो. एकावर चढता सूर, दुसऱ्यावर चढून उतरणारा. हेगेलोकसचा दम कमी पडला की काय कोण जाणे, पण प्रेक्षकांना ऐकू आलं की वादळानंतर त्याला वीझल दिसतोय. तीन वर्षांनी अ‍ॅरिस्टोफेनीसनं (हा नाटककार) 'बेडूक' या नाटकात त्याची टर उडवलीच. आज त्या दोन शब्दांत फरक करायचा तर संगणकावर एक वेगळी कळ दाबायची असते.

वेदपठण ऐकलेल्या मराठी माणसाला हे अगदीच परकं वाटू नये. उदात्त, अनुदात्त, स्वरित ही वैदिक स्वरव्यवस्था आणि ग्रीक आघात हे एकाच प्राचीन भारोपीय भाषेचे वारस आहेत. वेदातल्या 'पिता' या शब्दात उदात्त शेवटच्या स्वरावर आहे, ग्रीकमधल्या 'पातेर' या शब्दातही आघात शेवटीच. आणि हाक मारताना, संबोधनात, दोन्ही भाषांत तो पहिल्या स्वरावर सरकतो. दोन्ही परंपरांचं नातं अशा साम्यांतून दिसतं. फरक एवढाच की इथे पाठशाळांनी सूर तोंडी टिकवला. ग्रीकमध्ये ख्रिस्तोत्तर पहिल्या काही शतकांतच सूर जाऊन त्याजागी साधा जोर आला, 'ह'चा उच्चारही गेला, आणि खुणा मात्र कागदावर दीड हजार वर्षं तशाच राहिल्या.

छपाई आली तेव्हा या खुणांचा भार शिशावर पडला. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतियसनं १४९५ पासून अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रीक ग्रंथ छापायला घेतले. स्वर, श्वास आणि आघात यांच्या प्रत्येक जोडणीसाठी वेगळा खिळा ओतायचा, शिवाय हस्ताक्षरातल्या जोडअक्षरांचे खिळे वेगळेच. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्यासाठी क्लोद गारामोंनं १५४० च्या दशकात कोरलेल्या राजेशाही ग्रीक टाइपात खिळ्यांची संख्या शेकड्यांत होती. जुळाऱ्याच्या हातून काय होत असेल याची कल्पना ज्यांनी मराठी छापखाना पाहिलाय त्यांना येईल. आपल्याकडेही खिळ्यांचे दोन संप्रदाय होते. डिग्री टाइपात मात्रा-उकार वेगळे जुळवायचे, अखंड टाइपात ते अक्षराला जोडूनच ओतलेले. एकात खिळे कमी आणि जुळणी किचकट, दुसऱ्यात जुळणी सोपी आणि केस अवाढव्य.

यातून काही पठ्ठ्यांनी सरळ पळवाट काढली होती. स्पेनमध्ये अल्काला इथे १५१४ साली छापून झालेल्या कॉम्प्लुटेन्सियन बहुभाषी बायबलातल्या ग्रीक नव्या करारात श्वासचिन्हं नाहीत आणि तीन आघातही नाहीत. आघात असलेल्या स्वरावर फक्त एक साधी रेघ. प्राचीन ग्रीकांनी कुठे खुणा वापरल्या होत्या, मग आपणच का वापरायच्या, असा युक्तिवाद संपादकांनी प्रस्तावनेत केला होता. त्यांचं कुणी ऐकलं नाही. ग्रीस सरकारनं तोच निर्णय घ्यायला १९८२ साल उजाडलं.

त्याआधी टाइपरायटरचा काळ येऊन गेला, आणि संगणकाला आजही चिकटून राहिलेली एक सवय तिथूनच आली. टाइपरायटरवर चोवीस अल्फा बसवणं शक्यच नव्हतं. म्हणून खुणांसाठी अशा कळा केल्या ज्या दाबल्या की कागदावर खूण उमटते, पण गाडा पुढे सरकत नाही. मग अक्षराची कळ दाबायची, ते त्याच जागी खुणेच्या खाली उमटतं आणि आता गाडा सरकतो. अशा कळेला डेड की म्हणतात. म्हणून खूण आधी, अक्षर नंतर. हाताने लिहिताना माणूस नेमकं उलट करतो. आपण 'की' लिहिताना आधी क काढतो, मग वेलांटी. पण गाडा सरकवणाऱ्या यंत्राला तो क्रम परवडत नव्हता. मराठी रेमिंग्टन टाइपरायटरवरही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबावी लागे, कारण ती कागदावर आधी दिसते. संगणकात गाडा नाही, सरकण्याचा प्रश्नही नाही. तरी विंडोज आणि मॅक या दोन्हींच्या ग्रीक कळफलकांवर आजही खूण आधी दाबावी लागते.

१९८२ मध्ये ग्रीसनं अधिकृत व्यवहारातून जुन्या खुणा काढून टाकल्या. श्वासचिन्हं गेली, तीन आघातांच्या जागी एकच खूण आली, तिचं नाव टोनोस. शाळकरी मुलांची सुटका झाली, भाषाभिमानी चिडले, आणि 'एस्तिया' हे अथेन्सचं जुनं दैनिक अजूनही जुन्याच पद्धतीनं छापतं. आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते पुढे घडलं. हा निर्णय आणि घराघरांतला संगणक एकाच दशकात आले. ग्रीक अक्षरांची जी संगणकीय मानकं ठरली, म्हणजे १९८६ चं ग्रीक मानक आणि १९८७ चं आयएसओ ८८५९-७, ती एका आघातापुरतीच होती. त्या काळच्या पद्धतीत एकूण घरं २५६, त्यातली निम्मी रोमन अक्षरांना राखीव. जुन्या खुणांचा विचार करायला तिथे जागा नव्हती आणि अथेन्सला गरजही नव्हती. आजच्या ग्रीकांची सोय झाली, होमर वाचणारे उघड्यावर पडले.

त्यातल्या एकानं मात्र आधीच उपाय शोधून ठेवला होता. डेव्हिड डब्ल्यू. पॅकर्ड हा ग्रीक-लॅटिनचा अभ्यासक. ह्युलेट-पॅकर्ड कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाचा मुलगा, त्यामुळे यंत्रांशी सलगी घरचीच. त्यानं १९७० च्या दशकाच्या शेवटी बीटा कोड नावाची पद्धत बनवली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत १९७२ पासून 'थिसॉरस लिंग्वे ग्रेके' हा प्रकल्प चालू होता. होमरपासून १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडेपर्यंतचं सगळं ग्रीक वाङ्मय संगणकावर आणायचं, एवढी त्याची महत्त्वाकांक्षा. त्यांनी १९८१ मध्ये बीटा कोड स्वीकारला आणि १९८५ मध्ये ती संहिता सीडीवर दिली.

बीटा कोडची युक्ती अशी की त्यात ग्रीक अक्षर एकही नाही. सगळं साध्या रोमन अक्षरांत आणि कळफलकावरच्या नेहमीच्या चिन्हांत. प्सिलीसाठी ) आणि दासियासाठी ( , कारण ती खरोखर तशीच वळलेली दिसतात. चढत्या आघाताला / , खालच्याला \ , पेरिस्पोमेनीला = , पायाशी बसणाऱ्या आयोटाला | . 'माणूस' या अर्थाचा ग्रीक शब्द 'आंथ्रोपोस' लिहायचा तर दाबायचं: ए ) / एन क्यू आर डब्ल्यू पी ओ एस. थीटासाठी क्यू, ओमेगासाठी डब्ल्यू, कारण लहान ओमेगा दिसतोच तसा. आधी अक्षर, मग श्वास, मग आघात, हाताने लिहिण्याचा क्रम. मोठं अक्षर असेल तर * लावायचा आणि खुणा अक्षराच्या आधी द्यायच्या, कारण छापील ग्रीकमध्ये मोठ्या अक्षराच्या खुणा डोक्यावर न बसता डावीकडे उभ्या राहतात. मला ही पद्धत आजही इतर सगळ्यांपेक्षा जास्त शहाणपणाची वाटते. जगातल्या कुठल्याही यंत्रावर ती टाइप होते, कुठल्याही ई-मेलमधून न बिघडता जाते, आणि एकदा हाताला बसली की ग्रीक न दिसताही वाचता येते. हिला ग्रीक अक्षरांत बदलून देणारी साधनं आजही मिळतात. वर्षातून पाच-दहा शब्द लागणाऱ्यानं दुसरं काही शिकू नये.

पण लोकांना पडद्यावर ग्रीक दिसायला हवं होतं. म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकांत फॉन्टांचा सुळसुळाट झाला. एसग्रीक, विनग्रीक, सुपरग्रीक, आणि मॅकसाठी ग्रीककीज. या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या घरांत ग्रीक आकृत्या बसवल्या. फॉन्ट असेल तोवर सोफोक्लीस, नसला की कचरा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांच्या काळात मराठी डीटीपी केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एका छापखान्यातली फाईल दुसरीकडे उघडली की काय दिसायचं ते सगळ्यांनी पाहिलंय. ग्रीकवाल्यांची पंचाईत थोडी जास्त होती, कारण एकाच संपादित ग्रंथात तीन विद्वानांचे लेख तीन वेगळ्या फॉन्टांत आलेले असायचे.

प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या युनिकोड या मानकानं ही घरं कायमची वेगळी केली. आधुनिक ग्रीकसाठी एक विभाग, आणि १९९३ च्या १.१ आवृत्तीत जुन्या खुणांसकट तयार अक्षरांचा वेगळा विभाग. त्या विस्तारित विभागात २३३ चिन्हं आहेत, चोवीस अल्फांपैकी बहुतेक तिथेच भेटतात. म्हणजे युनिकोडनं अखंड टाइप दिला. पण त्यानं डिग्री टाइपही दिला, कारण सुटा अल्फा आणि त्यावर चढवायच्या सुट्या खुणाही त्याच्याकडे आहेत. प्सिली, ऑक्सिया आणि पायाशी आयोटा असलेला अल्फा एका संकेतांकात लिहिता येतो, तसाच चार संकेतांकांची माळ करूनही लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच. खूण अक्षराचा भाग की वेगळी, या प्रश्नाला युनिकोडनं दोन्हीकडे होकार दिला.

मराठीत ही गंमत रोज घडते. 'ॲप' हा शब्द एका अखंड अक्षरानं लिहिता येतो (ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं), आणि 'अ' काढून त्यावर अर्धचंद्र देऊनही. दिसायला एकच, शोधायला गेलं तर एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. ग्रीकच्या बाबतीत युनिकोडनं निदान एवढं केलं की दोन्ही पद्धती समान आहेत असं जाहीर केलं आणि एकीतून दुसरीत रूपांतर करायचे नियम घालून दिले. आपल्या ॲ बाबत तसंही केलेलं नाही.

तरी नियम पाळायचे ते सॉफ्टवेअरनं, आणि ते नेहमी पाळतंच असं नाही. सुट्या खुणा देताना क्रमही सांभाळावा लागतो. अल्फा, मग प्सिली, मग ऑक्सिया असा क्रम असेल तर ते तयार अक्षराशी जुळतं. ऑक्सिया आधी आणि प्सिली नंतर दिली तर संगणकाच्या लेखी ते वेगळंच अक्षर ठरतं, आणि बऱ्याच फॉन्टांत श्वासचिन्ह आघाताच्या डोक्यावर चढून बसतं. पायाशी येणाऱ्या आयोटाचं तसं नाही, तो मागेपुढे आला तरी यंत्र त्याला जागेवर आणून ठेवतं.

दुसरा घोळ टोनोस आणि ऑक्सियाचा. आधुनिक विभागात टोनोसवाला अल्फा आहे, विस्तारित विभागात ऑक्सियावाला. युनिकोडनं पुढे दोन्ही एकच मानले आणि रूपांतराच्या वेळी ऑक्सियावाला हळूच टोनोसवाल्यात बदलला जातो. पण जुन्या काही फॉन्टांत टोनोस जवळजवळ उभा काढलेला असतो आणि ऑक्सिया तिरकी. मग एकाच ओळीत काही आघात उभे, काही तिरके. त्याहून वाईट म्हणजे फॉन्टमध्ये विस्तारित विभाग मुळीच नसला तर संगणक फक्त तेवढी अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणतो. शब्दाच्या मधोमध एकच अक्षर बारीक किंवा जाड दिसलं की समजावं, हे तेच.

आता प्रत्यक्ष टाइप करायचं कसं? विंडोजच्या भाषांच्या यादीत ग्रीक घ्यायचं आणि कळफलकांमधून 'ग्रीक पॉलिटॉनिक', म्हणजे जुन्या सगळ्या खुणांचा, निवडायचा. मॅकवर त्याच नावाचा कळफलक आहे, लिनक्सवर ग्रीकचा पॉलिटॉनिक प्रकार. अक्षरं ग्रीसच्या राष्ट्रीय कळफलकाप्रमाणे: अल्फा ए वर, बीटा बी वर, इथपर्यंत सरळ. मग थीटा यू वर, ओमेगा व्ही वर, प्साय सी वर, क्साय जे वर. बीटा कोडची सवय असलेला माणूस ओमेगासाठी डब्ल्यू दाबतो आणि तिथून येतो शब्दाच्या शेवटी लिहायचा वेगळा सिग्मा. ही सवय मोडायला वेळ लागतो.

विंडोजच्या कळफलकावर अवतरणचिन्हाची कळ म्हणजे प्सिली, शिफ्टसकट तीच कळ म्हणजे दासिया. [ म्हणजे पेरिस्पोमेनी, ] म्हणजे वारिया, { म्हणजे पायाचा आयोटा. पण दोन खुणा एकत्र हव्या असतील तर एकामागून एक दोन कळा दाबायच्या नाहीत, प्रत्येक जोडीला वेगळी कळ आहे. प्सिली आणि ऑक्सिया मिळून / , दासिया आणि ऑक्सिया मिळून ? . प्सिली-पेरिस्पोमेनी = वर, दासिया-पेरिस्पोमेनी + वर. त्यात आयोटाही हवा असेल तर उजवी ऑल्ट धरायची. 'मी गातो' या अर्थाचा 'आदो' हा शब्द घ्या. त्याच्या पहिल्या अल्फावर प्सिली, ऑक्सिया आणि खाली आयोटा असं सगळं आहे. उजवी ऑल्ट आणि / एकत्र, मग ए, मग डी, मग व्ही. चार ठोके आणि शब्द तयार. पाठांतर जरा जाचक आहे, पण जोड्या मोजक्याच आहेत आणि त्यामागे तर्क आहे. लिनक्सवर खुणा एकामागून एक देता येतात. कीमॅनसारख्या साधनांतले काही कळफलक तर अक्षर आधी घेतात आणि खुणा नंतर, त्यामुळे इनस्क्रिप्टवर मराठी टाइप करणाऱ्या हाताला ते जास्त मानवतात. रोज पानंच्या पानं लिहायची असतील तर विंडोज किंवा मॅकचाच कळफलक शिकावा, म्हणजे कुठल्याही यंत्रावर बसलं तरी अडत नाही.

कळा पाठ झाल्या तरी व्याकरण सुटत नाही. शब्दकोशात शेवटच्या स्वरावर ऑक्सिया असलेला शब्द वाक्यात मधे आला आणि पुढे विराम नसेल तर ती ऑक्सिया वारिया होते. कोशातून शब्द उचलून वाक्यात चिकटवणारा इथे हमखास पकडला जातो. आणि ज्यांना कोणत्याही संहितेत शब्द शोधायचाय त्यांनी खुणा न मानणारा शोध वापरावा, नाहीतर अर्धी उदाहरणं हातून निसटतात. ग्रीक प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखं दिसतं. त्याला युनिकोडमध्ये वेगळा संकेतांक आहे, पण रूपांतरात तो साध्या अर्धविरामातच बदलतो, तेव्हा तो शोधत बसण्यात अर्थ नाही. स्वर गळाल्याची खूण मात्र नीट द्यावी. ती दिसते प्सिलीसारखी, म्हणून लोक प्सिलीच देतात, आणि मग तो शब्द यादीत चुकीच्या जागी जाऊन बसतो. तिथे उजवीकडे वळलेलं एकेरी अवतरणचिन्ह द्यावं. सगळा मथळा मोठ्या अक्षरांत करायचा असेल तर आघात आणि श्वासचिन्हं गळतात आणि पायाचा आयोटा शेजारी पूर्ण अक्षर म्हणून उभा राहतो. हे काम हाताने तपासलेलं बरं.

फॉन्टांची टंचाई आता उरलेली नाही. जेंटियम विनामूल्य मिळतो, अथेन्सच्या ग्रीक फॉन्ट सोसायटीनं जुन्या छपाईच्या वळणाचे डझनावारी फॉन्ट तसेच खुले केलेत. त्यातला एक केंब्रिजच्या रिचर्ड पोर्सनच्या हस्ताक्षरावरून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरलेल्या टाइपाचा वारस आहे. मराठी पुस्तकात ग्रीक शब्द येणार असेल तर तेवढ्या मजकुराला असा एक फॉन्ट मुद्दाम लावावा, तो कुठला ते छापखान्याला कळवावं, आणि पीडीएफ पाठवताना फॉन्ट त्यात बसवूनच पाठवावा. एक गोष्ट मात्र अजूनही रडकुंडीला आणते: दीर्घ अल्फा. छंद शिकवताना किंवा कोशात अल्फा दीर्घ आहे हे दाखवायला त्यावर आडवी रेघ देतात. नुसती रेघ असलेला अल्फा युनिकोडमध्ये तयार मिळतो, पण त्याच अल्फावर श्वास आणि आघातही हवे असतील तर तयार अक्षर नाही, सगळ्या खुणा सुट्याच चढवाव्या लागतात. बरेच फॉन्ट तिथे खुणा एकमेकांवर आदळवतात, आणि शेवटी प्रूफ वाचणाऱ्यालाच भिंग घेऊन बसावं लागतं.